गेलेला आजार

गोळ्यांचा कोर्स संपून तीन महिने झाले तेव्हा परभणीच्या दवाखान्यात पुन्हा रक्त घेतलं, आणि आठवडाभरानं डॉक्टरीणबाईंनी भिवराबाईला आणि सगुणाबाईला एकदमच आत बोलावलं. दोघी पालमजवळच्या एकाच वाडीच्या. भिवराबाई मेंढरं राखणाऱ्या रायभान हटकराची बायको. सगुणाबाई बौद्धवाड्यातली, नवरा वारलेली, दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाणारी. दोघी लग्न होऊन वाडीत आल्या त्या काळी सायकलवरून एक सुईवाला यायचा. अंग मोडून आलं, बाळंतपणात अशक्तपणा आला, की त्याच्यापुढं दंड करायचा. एक सुई तो किती जणांना टोचायचा ते कुणी बघितलं नाही. तीसेक वर्षांनी तपासणीची गाडी वाडीत आली आणि या दोघींच्या रक्तात काविळीतला एक प्रकार निघाला, सी नावाचा.

"दोघींच्याही रक्तात आता विषाणू नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आजार गेला."

भिवराबाईनं टेबलालाच हात लावून नमस्कार केला.

"थांबा, पुढचं ऐका. आजार गेला, पण इतकी वर्षं तो आत होता. तुमचं दोघींचं लिव्हर कडक होऊन बसलंय. ते काही पहिल्यासारखं होत नाही. अशा लिव्हरमध्ये पुढं कॅन्सरची गाठ होऊ शकते. सुरवातीला ती दुखत नाही, खुपत नाही. म्हणून दर सहा महिन्यांनी उपाशीपोटी यायचं, सोनोग्राफी करायची. बरं वाटत असलं तरी यायचं."

"किती वर्सं?" सगुणाबाईनं विचारलं.

"कायमचं."

बाहेर लिंबाखाली रायभान धोतराच्या सोग्यानं मान पुसत बसला होता. "काय म्हणल्या?"

"गेला म्हणल्या."

रायभाननं डोळे मिटून घेतले. मग तिघांसाठी उसाचा रस आणायला तो इतक्या लगबगीनं गेला, की एक चप्पल तिथंच राहिली. बाकीचं त्याला एसटीत सांगितलं. पण काचा खडखडत होत्या, गंगाखेडपर्यंत त्याला डुलकी लागली होती, आणि त्याला ऐकायचं होतं ते त्यानं लिंबाखालीच ऐकलं होतं.

पहिल्या खेपेला दोघी बरोबर गेल्या. अंधारात चहासुद्धा न घेता निघाल्या, अन् दुपार कलली तरी बाकावरच होत्या. शेजारच्या बाईनं पदर नाकाला लावला. "मेंढराचा वास यायलाय हो मावशी, जरा तिकडं सरका." भिवराबाई सरकली. सगुणाबाई जागची हलली नाही. तिथल्या तिथं बाईकडं बघत राहिली, तेव्हा त्या बाईनंच जागा बदलली. आत मशीनवाल्यानं भिवराबाईच्या पोटावर थंडगार काहीतरी चोपडलं. "श्वास धरा. धरा म्हटलं ना. कळत नाही का?" तिनं डोळ्यांत पाणी येईतो श्वास धरला. रिपोर्ट दोघींचा चांगला निघाला.

त्या वर्षी भिवराबाईला जशी तब्येत होती तशी पोरं झाल्यापासून कधी नव्हती. भाकरी गोड लागायची. लोकर कातरायच्या वेळी ती मेंढीला गुडघ्याखाली अशी दाबून धरायची, की पोरगा मल्हार म्हणायचा, "माय, तू धर, मी नुसता कातर चालवतो." दिवाळीनंतर मेंढरं गंगेकाठी खाली गेली, तेव्हा तीही मागं गेली. कोकरांची डालगी डोक्यावर घेऊन गोदावरीच्या मळईतून चालली. दुसऱ्या खेपेच्या सोनोग्राफीची वेळ त्यातच येऊन गेली. परत आल्यावर जाऊ, असं ठरलं.

परत आले तर त्यांच्या पोरीला, विजयमालाला, पाहायला पाहुणे येणार होते.

स्थळ सेलूकडचं होतं. पोरगा जिनिंगवर कामाला, घरी थोडी जमीन, बोअरला पाणी. पाव्हणे ओसरीवर बसले. विजू पोहे देऊन आत गेली. सगळं जमल्यासारखं होतं, तेवढ्यात पोराची चुलती पाण्याचा तांब्या हातात घेऊन म्हणाली, "विहीणबाईला काय आजार हाय म्हणं? रक्तातला? परभणीला चकरा असतेत म्हणून ऐकलं."

चुलतीनं तांब्या तोंडाला न लावता खाली ठेवला. मघाशी हाच तांब्या भिवराबाईनं घासला होता, आणि आता दाराआडून ती त्याच्याकडं बघत होती.

"कावीळ हुती," रायभान म्हणाला. "गेली. समूळ गेली. डॉक्टरनं सोताहून सांगितलं."

"मंग चकरा कशाच्या?"

"बंद हायत्या चकरा. आता कसला दवाखाना? बगा की, हुबी हाय ठणठणीत."

भिवराबाईला बाहेर बोलावलं. ती पदर सावरून उभी राहिली. पाच-सहा जणांनी तिचे डोळे, तिची नखं, तिचे पाय न्याहाळले. बाजारात मेंढीचा जबडा उघडून दात बघतात तसं. मग चुलती पाणी प्याली, आणि सोयरीक झाली.

लग्नाच्या धामधुमीतच सगुणाबाई एका सकाळी दारात आली. अंगावर धुतलेलं लुगडं, काखेत पिशवी. "चल भिवरा. सहा म्हैन्याचं वर्स व्हायलंय."

"आता न्हाई जमायचं."

"लगीन झाल्यावर?"

भिवराबाईनं तिला हाताला धरून मागल्या अंगणात नेलं. "सगुणे, ह्यांनी शबूद दिलाय, चकरा बंद हायत्या म्हून. त्या दवाखान्यात सेलूची मानसं पडलेली असतेत. एखाद्यानं बगितलं तर काय म्हनतील? पोरीला म्हाघारी धाडतील."

"आन तुला काई झालं म्हंजे?"

"मला काय व्हायलंय? खायलाव, पियायलाव, मेंढरामागं पळायलाव. विजूला तितं बूड टेकू दे. येकदा का लेकरूबाळ झालं, मंग कोन धाडतंय म्हाघारी? मंग यीन मी."

सगुणाबाई एकटी गेली. सहा महिन्यांनी पुन्हा आली, पुन्हा एकटी गेली. त्याच्या पुढच्या खेपेला दोघींचं भांडण झालं. आवाज चढला तसा रायभान बाहेर आला आणि म्हणाला, "सगुणाबाई, तुमाला जायचं तर जावा. गेलेल्या आजाराला कशाला हाळ्या मारायलाव?" सगुणाबाईनं त्यानंतर दारात येणं सोडलं. रानातल्या वाटेवर दोघी भेटल्या तर बोलायच्या, पण पावसापाण्याचं. विजूला दिवस गेले, पोरगी झाली. बाळंतपणाला तिला माहेरी धाडलं नाही, सेलूलाच ठेवलं. भिवराबाई एक दिवस जाऊन नातीला बघून आली, तेव्हा तिच्या मांडीवर पोर देताना विहीणबाईनं आधी आपल्या सुनेकडं बघितलं. त्यामुळं दवाखान्याचं आणखी पुढं गेलं.

यंदा पाऊस सरला आणि तिचं अन्नावरचं मन उडालं. आधी तिला वाटलं, बाजरी जुनी आहे. मग मिरचीनं जळजळतंय असं वाटलं. उजव्या बरगडीखाली जड लागायचं, जणू कुणी ओली लोकर कोंबून भरलीय. कातरणीला तिनं एक मेंढी गुडघ्याखाली घेतली, आणि मेंढीनं उसळी मारली तशी ती बाजूला कोलमडली. मल्हार हसला. मग हसायचा थांबला.

"माय, काय झालं?"

"पाय निसटला."

हात वाळले, गालफडं बसली, पण लुगडं मात्र कमरेला पुरेना. रायभानच्या ते ध्यानात येत होतं आणि तो बोलत नव्हता. एका सकाळी मेंढरांभोवती वाघर बांधताना तो खुंट ठोकत होता, ती जाळं धरून उभी होती. तिनं मधेच जाळं सोडलं आणि ढेकळांत बसली. पावलं सुजून खडावांसारखी झालेली. त्यानं अंगठ्यानं नडगी दाबली. खड्डा पडला, तो भरून येईना. तो अंगठा उचलून त्या खड्ड्याकडं बघत राहिला. त्यानंतर हातोडा तिथंच टाकून तो बौद्धवाड्यात गेला. इतक्या वर्षांत तो सगुणाबाईच्या दारात कधी गेला नव्हता.

"सगुणाबाई, हाव का? तुमाला तितलं सगळं ठावं हाय. नेता का तिला?"

सगुणाबाईनं त्याला एका शब्दानंही लागेल असं काही म्हटलं नाही. "माझीबी खेप आलीच हाय," एवढंच म्हणाली. "उद्या जाऊ. तिला सकाळी काई खाऊ घालू नका."

"ती तसंबी खायना झालीय," रायभान म्हणाला.

परभणीला तिघं पोचले तेव्हा ऊन वर आलं होतं. स्टँडवरून ऑटो केला. गतिरोधक आला की भिवराबाई दोन्ही हातांनी पोट धरायची. मशीनवाला या वेळी दुसरा होता, नवा पोरगा. त्यानं तिच्या पोटावर मशीन फिरवलं आणि श्वास धरा म्हणायचं विसरून गेला. एकाच जागी परत परत फिरवत राहिला. मग उठून डॉक्टरीणबाईंना घेऊन आला. त्या पडद्याकडं वाकून बघत राहिल्या. भिवराबाई त्यांच्या तोंडाकडं बघत होती.

तिच्यामागून सगुणाबाई आत गेली. तिलाही वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी दोघींचं सिटी स्कॅन झालं. रात्र त्यांनी दवाखान्याच्या व्हरांड्यात काढली. रायभाननं घोंगडं अंथरून दोघींना दिलं आणि आपण भिंतीला टेकून बसला. रिपोर्ट आले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी आधी सगुणाबाईला सांगितलं. गाठ आहे. एकच आहे, लिंबोळीएवढी. मागच्या खेपेला नव्हती. लवकर सापडली, मोठ्या दवाखान्यात बाहेरून सुई घालून जाळून टाकता येते. जायला हवं, लगेच.

सगुणाबाईला त्यातला गाठ हा एकच शब्द ऐकू आला. ती तोंडात पदर कोंबून रडायला लागली. भिवराबाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला. "रडू नगं. ल्हान हाय म्हनतेत की. जळती म्हनतेत." मग डॉक्टरीणबाईंकडं वळून तिनं विचारलं, "माजी केवडी हाय?"

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. "तुम्ही शेवटचं कधी आला होता?"

डॉक्टरीणबाईंनी जुना कागद उलटून तारीख बघितली.

"दोन वर्षांवर झालं. सांगितलं होतं ना मी? बरं वाटलं तरी यायचं म्हणून? कुठं होता तुम्ही?"

"मेंढरामागं," रायभान म्हणाला.

"मेंढरं!" त्यांचा आवाज चढला. दारातले दोन पेशंट आत डोकावले. "मेंढी आजारी पडली तर डॉक्टरकडं नेता ना? बायकोला आणायला दोन वर्षं लागली?"

रायभान मान खाली घालून उभा राहिला. टोपी त्यानं हातात घेतली होती, ती चुरगाळून वाटीएवढी झाली होती. खरं कारण सांगितलं असतं तर सेलूचं नाव घ्यावं लागलं असतं.

"त्येंची काई चूक न्हाई," भिवराबाई म्हणाली. "मीच आले न्हाई."

डॉक्टरीणबाई मग हळू बोलल्या. गाठ मोठी आहे, शेजारी आणखी आहेत. रक्ताच्या नळीत शिरलीय. जाळता येत नाही, कापता येत नाही. पोटात पाणी झालंय, ते काढू. दुखण्यावर औषध देऊ. दोघं निघाली तेव्हा त्यांनी परत थांबवलं. "मुलं किती?"

"दोन. पोरगा अन् पोरगी."

"त्यांची रक्तं तपासलीत का कधी? आईकडून बाळाला जातो हा आजार. सगळ्यांना नाही, पण जातो. गोळ्यांनी बराही होतो, वेळेत कळलं तर. आणि तुमचंही तपासून घ्या, सुया तर सगळ्यांनीच टोचून घेतल्यात." त्यांनी तिथंच रायभानचं रक्त घ्यायला लावलं. त्यात काही निघालं नाही. तो कागद त्यानं फाडून टाकला.

परतीच्या एसटीत भिवराबाई खिडकीपाशी बसली. बराच वेळ बाहेरच्या कापसाच्या पऱ्हाट्या बघत होती. गंगाखेड गेल्यावर म्हणाली, "मल्हारचं तपासा. विजूला काई बोलायचं न्हाई."

"डॉक्टरीण म्हनली की..."

"आईक. पोरगी अजून वर्साची न्हाई. सासू कशी हाय ते तुमाला ठावं हाय. मी मेल्यावर बगा काय बगायचं ते. मी जित्ती हाय तवर तिच्या कपाळाला हे नाव लागू द्याचं न्हाई."

मल्हारचं रक्त चांगलं निघालं. सगुणाबाईला तिच्या पोरानं, सुगतनं, मोठ्या शहरात नेलं. गाठ जाळून ती घरी आली, आणि वाडीत पोचली त्याच दुपारी काठी टेकत भिवराबाईच्या दारात आली. दोघी एकमेकींकडं बघत बसल्या. सगुणाबाईला आपल्या जगण्याची लाज वाटत होती, अन् ते तिच्या तोंडावर दिसत होतं.

"दुकलं का लय?" भिवराबाईनं विचारलं.

"न्हाई. भूल दिलती."

"बरं झालं."

पोट आता घागरीसारखं झालं होतं. दर पंधरवड्याला गंगाखेडला नेऊन पाणी काढायचे. चार दिवस हलकं वाटायचं, मग पुन्हा चढायचं. तिला उताणं झोपता येईना, कुशीवर होता येईना. रायभान दोन गोण्यांत भुसकट भरून तिच्या पाठीला लावायचा आणि ती बसल्या-बसल्या डोळे मिटायची. मेंढरांची जबाबदारी मल्हारवर पडली. गंगेकाठी जायची वेळ होऊन गेली तरी कळप वाडीभोवतीच फिरत राहिला. चारा संपला, कोकरं मरायला लागली. रायभान रोज सकाळी एखादं मेलेलं कोकरू पायाला धरून नाल्यात टाकून यायचा आणि हात धुऊन तिच्यासाठी पेज करायचा. ती दोन घोट घ्यायची. उरलेली तो उभ्यानंच पिऊन टाकायचा.

डोळे हळदीसारखे झाले तेव्हा विजूला बोलावलं. ती काखेत पोर घेऊन आली, दारातच थबकली आणि मटकन बसली. हे असं काही तिला कुणी कळवलंच नव्हतं. दिवसभर तिनं आईचे पाय चोळले. संध्याकाळी सगुणाबाई आली, भिंतीला टेकून बसली. तिच्याकडं बघता बघता विजूचं तोंड बदललं.

"मावशी, तुमाला बी हेच झालं हुतं ना?"

"व्हय."

"आन तुमी बऱ्या झालाव."

"मी दर सा म्हैन्याला जायचे, पोरी."

विजू आईकडं वळली. "मंग तू का गेली न्हाईस? मावशी जायच्या, तुला काय झालं हुतं? गाडी न्हवती का आबा न्हवते? नुसता आळस केलास माय तू. मेंढरं मेंढरं करीत बसलीस. सोताच्या जिवाचा आळस केलास."

रायभान चुलीपाशी होता. त्याच्या हातातलं लाकूड तसंच राहिलं. सगुणाबाईनं तोंड उघडलं, पण भिवराबाईनं तिच्याकडं नुसतं पाहिलं.

"व्हय गं," भिवराबाई म्हणाली. "आळसच झाला."

विजू तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. भिवराबाईला वाकून तिच्या केसांपर्यंत पोचता येईना. मधे पोट होतं. तिनं हात लांब केला, तो पोरीच्या खांद्यापर्यंत गेला, तिथंच ठेवला. त्यानंतर ती फार बोलली नाही. दोन दिवसांनी भ्रम झाला. हाताची बोटं हवेत चालवायची, कातर चालवावी तशी. तिसऱ्या दिवशी सकाळी रक्ताची उलटी झाली आणि दुपारी ती गेली.

दहावा झाल्यावर विजूला न्यायला जीप आली. सासू आली होती, दीर आला होता. माणसं ओसरीवर चहा पीत होती. रायभाननं सगुणाबाईला गोठ्याआड गाठलं. "तिला आता सांगावंच लागतंय. माज्या तोंडानं व्हायचं न्हाई. तुमी सांगा."

सगुणाबाईनं विजूला कडब्याच्या गंजीमागं नेलं आणि सगळं सांगितलं. ओसरीवर दिलेला शब्द, दवाखाना का सुटला ते, आणि डॉक्टरीण काय म्हणाली ते. विजू ऐकत होती. पोरगी तिच्या खांद्यावर झोपली होती, तिच्या टाळूला हात लावून ती उभी होती.

"मी तिला आळशी म्हनले," ती म्हणाली.

"ते ऱ्हाऊ दे आता. तू तुजं रक्त तपासून घे. लागलं तर पोरीचं बी. असलं तर गोळ्या हायत्या, तीन म्हैन्यात जातंय. बसून ऱ्हाऊ नगं."

ओसरीवरून सासूची हाक आली. "विजे, आवर गं. ऊन व्हायलंय."

विजूनं तिकडं बघितलं. "मावशी, तितं कुनाला कळल्याबिगर हुतंय का हे?"

"दवाखान्यात जायचं म्हनल्यावर कुनाला तरी सांगावंच लागंल की. नवऱ्याला सांग."

"ते आईला सांगतील." तिनं पोरीच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं. "मला तर काईच हुयना. जेवण जातंय, काम हुतंय."

"विजू..."

"येवढं पोरीचं जावळ हुऊ द्या, मावशी. घरात पयलंच कार्य हाय. मंग बगते मी."

सगुणाबाईनं तिचं मनगट धरलं. विजूनं ते हलकेच सोडवून घेतलं, पदरानं डोळे कोरडे केले आणि ओसरीकडं गेली. जीपमध्ये चढताना बापाच्या पाया पडली. धुरळा उडवत जीप पाणंदीनं निघून गेली.

रायभान सगुणाबाईजवळ आला. "सांगितलं का?"

"सांगितलं."

"काय म्हनली?"

"मंग बगते म्हनली."

रायभान तिथंच जमिनीवर बसला. पलीकडं मल्हारनं वाघर सोडली होती, उरलेली मेंढरं बाहेर पडत होती. मल्हारनं हाक मारली, पुन्हा मारली. रायभान उठला नाही.